जागा धरायला आलेली

योशिनो, १ एप्रिल

तोकुजीदादा,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहायच्या आणि मग मुद्द्यावर यायचं, ही आपल्याकडची रीत. आज ती राहू दे. खालच्या डोंगरावरच्या चेरीला बहर आलाय, आपल्या खाणावळीतल्या मुक्कामी पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या भरल्यात, आणि माझ्या घरात तुझी मुलगी येऊन बसलीय. का, ते सांग.

“फोन करा की आत्या,” म्हणून ती मागे लागली होती. नाही करणार. तुझा आवाज ऐकला तर मी भांडेन तरी किंवा रडेन तरी, आणि हंगामाच्या दिवसांत दोन्हीला वेळ नाही. कागद बरा. त्यावर आवाज चढत नाही.

परवा दुपारी दारात एक उंच पोरगी उभी. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. मी म्हटलं, “खोली नाही शिल्लक, खाली स्टेशनजवळ बघा.” तर म्हणते, “आत्या, म्या तोकुजीची एलिझा. ब्राझिलातनं आले.” माझ्या हातातले कप पडता पडता राहिले. दादा, तिच्या तोंडी आपल्या आजोबांची बोली! या डोंगरावर आता असं बोलणारं कुणी उरलेलं नाही. म्हातारे गेले, पोरं टीव्हीसारखी बोलतात. तू मात्र साओ पावलोत बसून ती बोली लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवलीस. पोरीला वाटतं, सगळा जपान असाच बोलतो. पाहुणे तोंडावर हात धरून हसतात, आणि तिला वाटतं, आपलं कौतुक चाललंय.

“बाबांनी पाठवलं का गं?” मी विचारलं. “पाठवलं बी, आन् न्हाई बी,” म्हणाली. आता हे काय उत्तर झालं? तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

आपलं घर तुला आठवत असेल. उताराला चिकटलेलं. रस्त्यावरून आत शिरलं की माणूस सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो आणि मग जिने उतरत उतरत खाली जायचं. काल सकाळी एलिझा त्या जिन्यात मोजपट्टी घेऊन बसलेली सापडली. पायरी किती उंच, जिना किती रुंद, कठडा हलवला तर हलतो का. “काय गं, घर विकत घ्यायचंय का?” मी विचारलं. “न्हाई आत्या, नुस्तं बघून ठिवते.” कुणासाठी बघून ठेवते, दादा?

मग आईबद्दल चौकशी. आजी दुपारी किती वेळ झोपते? माणसं ओळखते का? अनोळखी माणसाला भिते का? आई आता एकोणनव्वदची आहे. माणसं, सण, वर्षं, सगळं तिच्या डोक्यात एकाच टोपलीत पडलंय. येईल तो तिला पाहुणा. मलासुद्धा कधी कधी नव्याने कामाला लागलेली बाई समजून म्हणते, “छान काम करता हो तुम्ही. टिका इथे.” टिकले आहेच की मी. दुसरं कोण टिकलं?

आणि पहिल्याच संध्याकाळी पोरीने विचारलं, “बाबानं कापल्यालं झाड कंचं?” म्हणजे तू सांगितलंयस तिला. सगळं सांगितलंस की अर्धं? या डोंगरावरची चेरी देवाची, तिची गळून पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही, आणि तू पाहुण्यांना खिडकीतून दरी नीट दिसावी म्हणून भर बहरात फांदीला करवत लावलीस, हे सांगितलंस? बाबांनी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे कपाळ जमिनीला टेकलं, हे सांगितलंस? आत येऊन ते तुला एकच शब्द बोलले, “जा.” आणि तू गेलास तो पार पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. बाबा गेले तेव्हा तुझी तार आली. तू नाही आलास.

तेव्हा सरळ विचारते. काय हवंय तुला? घर? की आईला तिकडे न्यायचा बेत आहे? घराचं बोलता येईल. आईला मी या डोंगरावरून हलू देणार नाही. माझ्याकडे माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस आहे.

शिगेयो


योशिनो, ४ एप्रिल

दादा,

पहिलं पत्र अजून समुद्रावरच असेल. हे मिळेपर्यंत तर फुलांचा पार चिखल झालेला असेल. तरी लिहिते, कारण इथे रोज काहीतरी नवीन निघतंय.

परवापासून तुझी मुलगी त्या झाडाखाली बसलीय. हो, त्याच. खालच्या पायवाटेच्या कडेला तिने निळी ताडपत्री अंथरलीय, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि मधोमध ही एकटी. ताडपत्री एवढी की अख्खं कुटुंब मावेल. सकाळी भात खाऊन जाते ती अंधार पडायला परत येते. फुलांकडे बघतही नाही. वाटेकडे बघते.

कुणी टेकायला आलं की हात जोडून सांगते, “माफ करा, ही जागा धरल्याली हाय.” कुणासाठी? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. “बाबा सांगायचे, फुलं बघायला जायचं तर घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं म्होरं जाऊन जागा धरायची आसती.” ते खरंच आहे. तूही बाबांसाठी पहाटे जाऊन बसायचास, नाक गळत. पण त्यानंतर माणसं यायची, दादा. डबे यायचे, साकेच्या बाटल्या यायच्या. इथे तर कुणीच येत नाही.

समोर पानात गुंडाळलेल्या सुशीचं दुकान चालवणारी हामादाबाई तुला आठवते? अजून तशीच आहे, फक्त जीभ आणखी लांबलीय. काल म्हणते, “शिगेसान, तुमच्या भाचीने सासर बघितलं वाटतं त्या झाडाखाली. नवरदेव कधी येतोय?” मी म्हटलं, “तुमच्या सुशीचा वास गेला की येईल.” हसलो दोघी. पण घरी येऊन मला काही सुचेना. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की, कुठे ते कळत नाही.

काल फुलांच्या दिवसांतली ती थंडी पडली, वरून भुरभुर पाऊस. मला वाटलं, आता तरी गाशा गुंडाळेल. नाही. ताडपत्रीचा एक कोपरा डोक्यावर ओढून बसली. शेवटी मीच माझा कापूस भरलेला कोट आणि चहाची किटली घेऊन उतरले. माया वगैरे काही समजू नकोस. पाहुणे खिडकीतून बघत होते आणि लोक म्हणाले असते, आत्याने पोरीला पावसात बसवलं.

चहा हातात दिला तर पोरगी रडायला लागली. म्हटलं, “अगं भाजलं का?” तर म्हणते, “न्हाई आत्या. तुमी चा आणला.” चहाला कुणी रडतं? त्यानंतर फोन घेऊन झाडामागे गेली आणि कितीतरी वेळ आली नाही.

तू काहीतरी शिजवतोयस. इतक्या लांबून, उंटावरून शेळ्या हाकतोयस. मला आवडलेलं नाही.

शिगेयो


योशिनो, ७ एप्रिल

दादा,

हे पत्र ब्राझिलला जाणार नाही. कुठे जाणार ते तुला ठाऊकच आहे.

काल दुपारी तीनच्या सुमाराला मी अंथरुणं वाळत घालत होते. खाली झाडामागे एलिझा फोनचा आवाज मोठा ठेवून बोलत होती. इथे दुपार म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली, एवढा हिशेब मलाही येतो. म्हटलं, हा माणूस झोपतो कधी? मग कान दिला. हो, चोरून ऐकलं. माझं घर, माझे कान. फोनमधून गाडीची घोषणा ऐकू आली. योशिनोकडे जाणारी गाडी अमुक फलाटावरून सुटेल, कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा. ओसाकाच्या त्या स्टेशनवर मी दर महिन्याला आईची औषधं आणायला जाते. ती घोषणा करणारी बाई मला झोपेतही ऐकू येते.

मी पोरीला हात धरून वर स्वयंपाकघरात आणलं आणि दार लावलं.

“बाबा कुठंय?”

“ओसाकाला. धर्मशाळेवानी हाटेल हाय, तितं.”

“कधीपासून?”

“माझ्यासंगंच आले.”

“आणि मला ब्राझिलचे पत्ते लिहायला लावतेस! वर इथे कशाला नाही आले? मी काय खाणार होते त्यांना?”

“त्येंना तसंच वाटतं आत्या,” म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत हसली. तुझंच हसू आहे तिचं, उजवीकडे ओढलेलं. मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी तुला झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढावा लागतो. म्हणून जिने मोजले. रोज ओसाकाच्या स्टेशनात येतोस, योशिनोची गाडी लागते, तिच्याकडे बघत बाकावर बसतोस आणि गाडी सुटली की हॉटेलवर परत जातोस. आणि पोरीला सांगून ठेवलंस, झाडाखाली जागा धर. आत्याने ताडपत्री उचलून फेकली तर मुकाट्याने परत ये. चहा आणून दिला तर मला कळव.

दादा, साठी उलटलेला माणूस तू! बहिणीची परीक्षा घ्यायला लेकीला पावसात बसवतोस? सरळ दार वाजवायचं सोडून? मला इतका राग आला की मी त्या भरात मुळ्याचा कीसच पाडत सुटले. आज पाहुण्यांना सगळ्याबरोबर मुळा आहे.

आणि खरं सांगू? अजूनही माझा विश्वास बसलेला नाही. पाय ओढत इतक्या लांब माणूस नुसतं तोंड दाखवायला येत नाही. आईकडून काहीतरी हवंय तुला. माफी हवी असेल तर ती आता तिच्याकडे नाही. तिला भांडणच आठवत नसेल तर माफी कुठून देणार? तू तिच्यापुढे बसून “आई, मी तोकू” म्हणशील आणि ती घाबरेल. गेल्या हिवाळ्यात तिच्या सख्ख्या बहिणीने असंच केलं, तर आई दोन दिवस दाराला कडी लावा म्हणून ओरडत होती. तुझ्या मनाच्या शांतीसाठी तिची शांती मी जाऊ देणार नाही.

ये. येऊ नको म्हणत नाही. पण दुपारी ये, तिची झोप झाल्यावर. रोपवेपासून हामादाबाईचा मुलगा गाडीने आणील. आणि तोंड उघडण्याआधी माझ्याकडे बघ.

ओसाकाचा पत्ता एलिझाने दिला. नाव मी पाकिटावर तुझं पूर्ण लिहिलंय, ब्राझिलच्या पाकिटांसारखं इंग्रजी अक्षरांत नाही, आपल्या लिपीत. कितीतरी वर्षांनी लिहिलं. अक्षर बिघडलंय.

शिगेयो


योशिनो, १३ एप्रिल

दादा,

परवा तू आलास आणि गेलास. मी घरात होते, तू घरात होतास, आणि आपण एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. जे बोललो ते खाणावळवाली आणि गिऱ्हाईक बोलतात ते. म्हणून पुन्हा कागद.

दारात तुला बघितलं आणि मी तयार ठेवलेली सगळी वाक्यं पळाली. तुझे केस पांढरे होतील हे मला का सुचलं नव्हतं कोण जाणे. तू वाकून म्हणालास, “त्रास देतो,” आणि मी म्हटलं, “या.” एका बाजूने एलिझा, एका बाजूने मी, जिन्याच्या एकेका पायरीवर तुझा श्वास ऐकत उतरले. मनात मात्र एकच, आता हा काय करतो बघू.

आई खिडकीशी बसली होती. तुला बघून तिने चटकन केसांवरून हात फिरवला, पाहुण्यांसाठी फिरवते तसा.

“या, या. पहिल्यांदाच आलात का योशिनोला?”

मी चहा घेऊन दारात उभी. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता म्हणणार. मान हलवायची होती मला, पण हललीच नाही.

“हो,” तू म्हणालास. “पहिल्यांदाच.”

दादा, त्या क्षणी मला तुझी चीड आली. म्हटलं, बघा, एवढ्या लांबून आला आणि इथेही निसटला. मग वाटलं, की मी लिहिलं म्हणून? तिच्यासाठी म्हणाला? ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई खुलली. कुठला डोंगर कधी फुलतो, धुकं कधी बघावं, सगळं तुला सांगितलं, दर पाहुण्याला सांगते तसं. मग खिडकीकडे बोट केलं. “दरी नीट दिसत नाही ना? ही फांदी मध्ये येते. माझ्या मुलाने कापली होती एकदा. पुन्हा वाढली.”

तुझा कप बशीवर वाजला. मी बघत होते.

“पाहुण्यांच्या सोयीसाठी कापली हो त्याने. खोडसाळ नव्हता. त्याचे वडील त्याला जा म्हणाले आणि तो गेला. मी तेव्हा तांदूळ धूत होते. पाणी निवळशंख झालं तरी धूतच राहिले. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं मला. नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द काढायचा नाही, असं शिकवलेलं. तो वळून बघत होता दारातून. मला पाठीला कळत होतं.”

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. तुझ्या तोंडावर तर ती कधीच म्हणाली नसती. अनोळखी गिऱ्हाइकाला सांगितलं.

“त्याला कळलं असेल,” तू म्हणालास.

“तुम्हाला काय माहीत? ओळखता का त्याला?”

“थोडंसं.”

“मग सांगा त्याला.”

“सांगतो,” म्हणालास, आणि तो चांगला हात मांडीवर घट्ट दाबून बसलास. मी आत निघून गेले. मला मुळा किसायचा होता. मुळा नव्हता घरात.

जेवायला मी तुला पाहुण्यांच्या वाडग्यात भात वाढला. आई बघत होती, दुसरं काय करणार? आपल्या घरी ज्याचा त्याचा वाडगा ज्याला त्याला. तुझा कुठे असेल हे मला ठाऊकही नव्हतं. बाबांनी फोडला असेल असंच मी धरून चालले होते. झाडापर्यंतची पायवाट तुला झेपली नसती, म्हणून एलिझाची धरलेली जागा तशीच रिकामी राहिली आणि तू आईशेजारी बसून तिच्या खिडकीतूनच फुलं बघितलीस. जाताना मी दारात वाकून म्हटलं, “पुन्हा या.” सगळ्यांना म्हणते तेच. इतकी वर्षं साठवलेलं भांडण, आणि तोंडातून निघालं ते हे. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी रडले. लिहून टाकते. रडले.

मग विचार केला. तुझं विमान वीसला आहे असं एलिझा म्हणते. आतल्या डोंगरावरची फुलं अजून यायची आहेत. पण तुझा तो जिन्यातला श्वास काही माझ्या कानातून जाईना. म्हणून आज रस्त्याच्या पातळीवरची मोठी खोली रिकामी केली. कोबेहून आलेल्या जोडप्याला खाली हलवलं, कुरकुरलं, पण हललं. आणि आईचं अंथरूण वर न्यायला घेतलं.

आई म्हणाली, “वर कशाला?”

मी म्हटलं, “काही दिवस वर झोपा. परवाचे ते पाहुणे पुन्हा यायचेत कदाचित. त्यांना जिना जमत नाही.”

आईने मला उशी उचलू दिली, गादी उचलू दिली. मग म्हणाली, “शिगे.”

दादा, नावाने हाक मारली मला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“शिगे, त्याला पाहुण्यांच्या वाडग्यात का वाढलंस?”

मी उशी खाली ठेवली. “कुणाला, आई?”

“माझ्या कपाटात खालच्या खणात आहे त्याचा. लोकरीच्या मोज्यांखाली. नीट धुऊन घे, धूळ बसली असेल.”

“आई, तुम्हाला कळलं होतं, ते कोण ते?”

ती खिडकीकडे बघायला लागली. थोड्या वेळाने वळून म्हणाली, “छान काम करता हो तुम्ही. टिका इथे.”

आता मला सांग, काय समजायचं? साऱ्या जगावर संशय घेतला मी, तुझ्यावर, तुझ्या लेकीवर, हामादाबाईवर. एकटी आई तेवढी सुटली होती. आज तिच्यावरही आला. ती तुला ओळखून बोलली का? तू पाहुणा झालास म्हणून ती यजमानीण झाली? की खरंच तेवढ्यापुरतं दार उघडलं आणि लागलं? मी विचारून विचारून थकले. ती आता काही सांगणार नाही.

खण उघडला. मोज्यांखाली होता. निळ्या काठाचा, एका बाजूला टवका गेलेला. बाबांच्या धाकात ही बाई इतकी वर्षं तो लपवून बसली होती आणि त्याच घरात स्वयंपाक करणाऱ्या मला पत्ता नाही.

धुतला आहे. हे मिळालं की पहिल्या गाडीने ये. भात तयार ठेवते.

शिगे